करळातला शंख आणि चिमूटभर साखर

१

सोमवार, सकाळी सव्वानऊ. बोईसरमधल्या एका महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात प्रा. उत्कर्षा वानखेडे यांनी लोखंडी कपाटातून प्लास्टिकची एक डबी काढली, झाकण उघडलं आणि आतला शंख तळहातावर घेतला. शंख हलका होता.

घडलं ते एवढंच. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, डबीवरचं लेबल जागेवर होतं, आतला कापूसही होता. पण गेलं वर्षभर उत्कर्षाने जो शंख हाताळला, त्याच्या पोटात गच्च दगड भरलेला होता. हा मात्र फुंकर मारली तर घरंगळेल असा.

तिने तो फिरवून पाहिला. टोकदार शिखर, फुगीर वेटोळी, वेटोळ्यांवरच्या उभ्या बरगड्या, आतून दातेरी ओठ. सगळं जिथल्या तिथे. चेहरा तोच, माणूस दुसराच, असं तिला वाटलं.

"रामकिसन!"

प्रयोगशाळेचे परिचर रामकिसन दारातच उभे होते. परभणीकडचा माणूस, बोलायला मोकळा. आज मात्र तोंडाला कुलूप.

"ही डबी कोणी उघडली होती?"

"कपाट मी उघडलंच नाही मॅडम. शुक्रवारी तुम्ही लावलं, ते आत्ता तुम्हीच काढलं."

शंखाची कुळकथा थोडक्यात अशी. चिंचणीला कमलेश मेहेर यांच्या वाडीत विहीर खोदताना करळ लागला होता. वाळू, शिंपल्यांचा चुरा आणि चुना हजारो वर्षं एकमेकांना धरून बसले की जो दगड होतो, तो करळ. त्या करळातून हा शंख निघाला. बोटाएवढा, आणि जगातल्या कुठल्याही यादीत न बसणारा. कधीकाळी नामशेष झालेल्या समुद्री गोगलगाईची नवी जात. उत्कर्षाने तिचं वर्णन लिहिलं, नाव ठरवलं. आज दुपारी चार वाजता पुण्याच्या संग्रहालयाचे पाहुणे शंख ताब्यात घ्यायला येणार होते. नव्या जातीला नाव मिळायचं तर ज्याच्यावरून वर्णन लिहिलं तो मूळ नमुना संग्रहालयात जमा व्हावा लागतो. नमुना नाही, तर जात नाही.

आवाज ऐकून विभागप्रमुख डॉ. कृष्णकांत वर्तक आत आले. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, शंख उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"आतून चकाकतोय. रंगही थोडा शिल्लक आहे. मॅडम, हा जीवाश्म नाही. ताजा शंख आहे."

"तेच म्हणतेय मी सर! हा माझा नाहीच."

"तुमच्या वर्णनाशी जुळतो?"

उत्कर्षाने शंखावरून पुन्हा एकदा नजर फिरवली. खोटं बोलता येत नव्हतं. "तंतोतंत."

"जगात एकच असलेल्या शंखाचा तंतोतंत जुळा रातोरात कपाटात उगवत नाही." कृष्णकांतांनी भिंग खिशात ठेवलं. "म्हणजे दुसरा शंख कधी नव्हताच. वर्णन तुम्ही याचंच केलंत. किनाऱ्यावरचा शंख उचललात, तोंडात दगडाचा चुरा कोंबलात आणि जीवाश्म म्हणून खपवलात. चार वाजता पाहुण्यांना हे मलाच सांगावं लागेल."

२

सरावलीत उत्कर्षा ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची, ते विश्राम चुरी तिच्या फोननंतर तासाभरात व्हॅन घेऊन हजर झाले. हातात बायकोने दिलेला जेवणाचा डबा.

विश्रामरावांचा पोलिसांशी कधी संबंध आला नव्हता. ते विमा कंपन्यांचे सर्वेक्षक होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुठे गोदाम जळलं की राखेत काठी घालायला त्यांना बोलवत. काय जळलं आणि काय जळल्याचं सांगितलं जातंय, यातला फरक शोधणं हा त्यांचा धंदा. निवृत्तीनंतर राखेची सवय गेली, पण खोड गेली नव्हती.

"रडून झालं?" त्यांनी विचारलं.

"रडले नाहीये काका. चिडलेय."

"उत्तम. रडणाऱ्याची जबानी कामाची नसते. आता मला शंखातलं ओ की ठो कळत नाही, असं समजून सांग."

"तसं समजायची गरज आहे का?"

"नाही," विश्रामराव खुर्चीत टेकले. "पण तुझा मान राहील."

उत्कर्षाला नको असताना हसू आलं. तिने लेखाचा मसुदा काढला आणि शंख हातात धरून एकेक ओळ वाचत गेली. "शंख जाडसर, दोन्हीकडे निमुळता. वेटोळी फुगीर, दोन वेटोळ्यांमधली शिवण खोल. प्रत्येक वेटोळ्यावर उभ्या बरगड्या. त्यांना छेदणाऱ्या आडव्या बारीक रेषा, आणि छेद जातो तिथे मण्यासारखा उंचवटा. मुख लांबट. बाहेरचा ओठ जाड, आतून दातेरी. ज्याभोवती वेटोळी फिरतात त्या मधल्या खांबावर तीन तिरप्या घड्या, वरची सगळ्यात ठळक. खालची नाळ आखूड, पाठीकडे वळलेली."

"आणि यातलं सगळं या शंखात आहे."

"सगळं. म्हणून तर मेले ना."

"फोटो दाखव जुन्याचे."

विश्रामरावांनी फोटो पाहिले, मग शंख पाहिला, पुन्हा फोटो. चौथ्या फोटोवर त्यांचं बोट थांबलं. शंखाच्या पाठीवर, शेवटच्या वेटोळ्याच्या वरच्या अंगाला, एक बारीक गोल भोक होतं. गिरमिटाने पाडावं तसं.

"हे काय?"

"शिकारी गोगलगाय दुसऱ्या गोगलगाईचा शंख पोखरते आणि आतला जीव खाते. आपल्या शंखातल्या बाईंचा शेवट तसा झालेला. पण हे वर्णनात मुख्य नाही. ते त्या एका शंखाचं नशीब, जातीचं लक्षण नव्हे."

"मला जातीशी काय करायचंय? मी नशीबवाल्यालाच शोधतोय." विश्रामरावांनी टेबलावरचा शंख उलटा केला. पाठ अखंड होती. "दगड खरवडून काढता येतो. शंख घासून चकचकीत करता येतो. पण भोक बुजवता येत नाही. तुझे वर्तकसर म्हणतात शंख एकच. भोक म्हणतं दोन."

उत्कर्षाच्या चेहऱ्यावर रंग परतला. तेवढ्यात विश्रामरावांनी डबीतला कापूस नखाने उचलला.

"आणि हे दोघे-चौघे कोण?"

कापसाखाली मुंग्या होत्या. लाल, लगबगीतल्या. त्यांच्या मधोमध काही पांढरे दाणे चमकत होते. विश्रामरावांनी एक दाणा बोटावर घेतला आणि उत्कर्षा ओरडायच्या आत जिभेवर ठेवला.

"साखर," ते म्हणाले.

३

डॉ. वर्तकांनी विश्रामरावांना बसायला सांगितलं नाही. विश्रामराव बसले.

"तुम्ही कोण?"

"घरमालक. भाडेकरूचं सामान हरवलं की मी शोधतो. भाडं वेळेवर येतं."

"इथे काही हरवलेलं नाही. फसवणूक झालीय."

"असेल. एक सांगा साहेब, असा शंख तुम्हाला कुठे मिळाला असता, तर काय केलं असतंत?"

"मी?" कृष्णकांतांचा आवाज नकळत बदलला. "त्याच आठवड्यात लेख लिहिला असता. नवी जात म्हणजे... माणसाला आयुष्यात एकदा मिळाली तर मिळते. मला मिळालेली नाही."

शेवटचं वाक्य तोंडून निसटलं तसं त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. विश्रामराव उठले. बाहेर आल्यावर उत्कर्षाने दबक्या आवाजात विचारलं, "तेच ना? पहिल्यापासून जळतात माझ्यावर."

"जळतात. म्हणूनच ते नाहीत. ज्याच्याकडे हा दुसरा शंख होता त्याला त्याचं मोल ठाऊक नव्हतं. वर्तकसरांना ठाऊक आहे. त्यांना मिळाला असता तर तो तुझ्या डबीत नाही, त्यांच्या लेखात गेला असता."

"मग ज्याने डबी उघडली तो मला फसवायला—"

"फसवायला? अगं, फसवणारा आधी वजन भरतो. गोदामात माल नव्हता हे लपवायला लोक पोत्यात राख भरून ठेवतात. इथे कोणी चिमूटभर वाळूसुद्धा घातली नाही. वर साखर ठेवली. चोर इतका गोड असतो?"

रामकिसन मागच्या खोलीत बाटल्या धूत होते. विश्रामराव पाटावरच बसले.

"मुंग्या फार झाल्यात हो तुमच्याकडे."

"झाल्यात ना साहेब. सकाळी सकाळी रांगच लागली होती. खडू मारला म्हणून थांबल्या."

"कुठे मारला?"

"कपाटा—" रामकिसन थांबले. हातातली बाटली नळाखाली भरून वाहायला लागली.

"कपाटाच्या आत, वरच्या फळीवर," विश्रामरावांनी वाक्य पुरं केलं. "पांढरी रेघ पाहिली मी. ताजी आहे. कपाट उघडल्याशिवाय आतल्या फळीवर रेघ कशी मारलीत?"

रामकिसननी नळ बंद केला. घाम पुसला. "मी शंख घेतला नाही. लेकराची शपथ. याच्यावर काही विचारू नका."

"बरं, नाही विचारत."

तिसरी जबानी दीपिका मेहेरची. शाळेत चित्रकला शिकवणारी, मे महिन्याच्या सुट्टीत उत्कर्षाच्या लेखासाठी शंखाची चित्रं काढणारी. कमलेश मेहेरांची पुतणी, म्हणजे शंख ज्या वाडीतून निघाला तिथलीच. फोन गेल्यावर ती वीस मिनिटांत आली आणि शंख गेल्याचं ऐकून भिंतीला टेकली.

"गेला म्हणजे? डबीत नाय? सकाळी तर—"

"सकाळी काय?"

"सकाळी... मी चित्रं द्यायला आले होते. मॅडम यायच्या होत्या. रामकिसनदादांकडे फाइल दिली नि गेले. चित्रं तर शुक्रवारीच पुरी झाली, इथेच, या टेबलावर."

तिने हे सांगताना रामकिसनकडे पाहिलं नाही. रामकिसननी तिच्याकडे पाहिलं नाही. एका खोलीत दोन माणसं एकमेकांना इतक्या कष्टाने टाळताना विश्रामरावांनी फक्त जळालेल्या गोदामांचे भागीदार पाहिले होते.

४

साडेबारा वाजले. शोध थांबला तरी भूक थांबत नाही, असं म्हणून विश्रामरावांनी डबा उघडला. तांदळाची भाकरी, वांग्या-वालाची भाजी. दीपिका थांबलीच होती; रामकिसननाही बोलावलं. ते आले ते हातात स्टीलचा एक डबा घेऊन.

"हा तुमच्या घरचा. मागल्या आठवड्यात वहिनींनी अळूवड्या दिल्या होत्या, तेव्हाचा."

विश्रामरावांनी डबा हातात घेतला. आत काहीतरी खुळखुळलं. उघडला तर शेंगदाण्याचे दोन लाडू.

"हे कशाला?"

"रिकामा कसा द्यावा साहेब? आमची घरची देऊच देत नाही. काही नसलं तर म्हणते, चिमूटभर साखर टाका, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नका."

विश्रामरावांचा घास हातातच राहिला. त्यांनी टेबलावरच्या त्या नमुन्याच्या डबीकडे पाहिलं. गोल, झाकणाची, कुठल्याही स्वयंपाकघरात मसाल्याच्या फळीवर बसेल अशी.

"उत्कर्षा, ही डबी कुठली?"

"माझीच, घरची. कॉलेजकडे पेटी मागितली होती, अर्ज अजून फिरतोय. जिऱ्याची डबी धुऊन घेतली."

"म्हणजे ही कोणाला नमुन्याची पेटी वाटणारच नाही. ही मॅडमच्या घरची डबी." विश्रामराव सावकाश म्हणाले. "पोरी, ही डबी कोणाच्या तरी घरी पाहुणी गेली होती. आणि त्या घरातल्या बाईने ती परत पाठवताना रीत पाळली."

रामकिसनचा चेहरा पडला. दीपिका खिडकीबाहेर बघायला लागली.

विश्रामरावांनी दोघांकडेही पाहिलं नाही. त्यांनी सकाळपासून कोणी न उघडलेली चित्रांची फाइल ओढली. पहिल्या कागदावर शंखाची पाठ होती, भोकासकट. दुसऱ्यावर समोरची बाजू.

"सुरेख काढलंय. उत्कर्षा, या खांबावरच्या घड्या, या आत किती खोल जातात?"

"खूप खोल. चित्रातच बघा ना, मुखातून आत वळत पार—"

ती बोलता बोलता थांबली. तिने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. मुखाचा आतला भाग, घड्या, त्यांच्यामधली सावली, आतल्या भिंतीची वळणदार चकाकी, सगळं सफाईने रेखलेलं.

"पण आत तर दगड होता," उत्कर्षा म्हणाली. "मला स्वतःला घड्यांची फक्त टोकं दिसली होती. दीपिका, हे तू कशात पाहिलंस?"

५

दीपिका रडली नाही. ती एका दमात बोलली, परीक्षेत पाठ केलेलं उत्तर सांगावं तसं.

"मॅडम, इथे ट्यूबच्या उजेडात सावली नीट पडत नव्हती. म्हणून शनिवारी डबी घरी नेली. कपाटाची दुसरी किल्ली रामकिसनदादांकडे असते, ते नको म्हणत होते, मीच हट्ट केला. आज सकाळी परत आणली, त्यांनी ठेवून दिली. नि मुखात दगड, काय काढू? तुम्ही म्हणालात घड्या नीट आल्या पाहिजेत. आमच्या ओटीवरच्या खिडकीत तसाच शंख आहे, आईचा. त्यात बघून काढलं. शंख तसाच, घड्या तशाच. मला वाटलं, आमच्याच वाडीत सापडला, तर आमच्या घरातला तसलाच असणार. त्यात काय मोठंसं?"

उत्कर्षाने चित्र खाली ठेवलं. जगात एकच म्हणून तिने वर्षभर ज्याच्यावर लिहिलं, त्याचा भाऊबंद चिंचणीच्या एका खिडकीत धूळ खात होता. आणि तिने त्याच घरात, त्याच खिडकीखाली बसून तीनदा चहा प्यायला होता.

"डबी कोणी भरली?" विश्रामरावांनी विचारलं.

"आईने. मी घाईत होते. तिने पिशवीत घालून दिली."

"लाव तिला फोन."

फोन वाजत राहिला. "आई गच्चीवर मिरच्या वाळवत असेल," दीपिका म्हणाली. "फोन खाली चार्जिंगला."

एक वाजता विश्रामरावांची व्हॅन चिंचणीच्या रस्त्याला लागली. कारखान्यांचा उग्र वास मागे पडला, चिकूच्या वाड्या सुरू झाल्या. मागच्या सीटवर उत्कर्षा डबी मांडीवर धरून बसली होती.

"काका, त्यांनी तो फेकून दिला असेल तर?"

"आधी नुकसान बघावं, मग रडावं. घाई केली तर दोन्ही चुकतं."

घराच्या गच्चीवर मिरच्यांचा लाल पट्टा पसरला होता. हिरूबाई डोक्याला फडकं बांधून मिरच्या खालीवर करत होत्या. मुलगी, मॅडम आणि एक अनोळखी गृहस्थ एकदम वर आलेले पाहून त्यांनी पदर सारखा केला.

"अगो बाय, जेवायला येनार व्हते ते फोन तरी करायचा! मांदेली आनली असती."

"आई, डबीत शंख कुठला घातलास?"

"चांगला घातला. खिडकीतला." हिरूबाईंना प्रश्नाचं नवल वाटलं. "तुजा तो घानेरडा झालेला. पोटात दगड, वर भोक पडलेलं. मॅडमची डबी आपल्या घरी आली, ती काय असली वस्तू घालून परत द्यायची? लोक काय म्हनतील? म्हनून धुतलेला, चांगला बघून घातला. वर चिमटीभर साखर टाकली."

विश्रामरावांना खोकल्याची उबळ आल्यासारखं झालं. ते हसू होतं.

"नि तो घाणेरडा?" उत्कर्षाने कसंबसं विचारलं.

"तो?" हिरूबाईंनी मान वळवली. "हे काय. जड हाय म्हनून कामाला लावलाय."

मिरच्यांखालच्या प्लास्टिकच्या कोपऱ्यावर, वाऱ्याने ते उडू नये म्हणून ठेवलेल्या विटेच्या तुकड्याशेजारी, जगातला तो मूळ नमुना बसला होता. एक मिरची त्याच्या शिखराला टेकलेली. उत्कर्षा गुडघ्यांवर बसली. भोक होतं. दगड होता. एकही बरगडी दुखावली नव्हती.

"मावशी," ती म्हणाली, "माझी नोकरी, माझं नाव, सगळं तुमच्या मिरच्यांवर होतं हो."

"तिखट लागलं असंल," हिरूबाई म्हणाल्या. "सोलकढी देऊ?"

इथे दुसरा माणूस जिना उतरला असता. विश्रामराव उतरले नाहीत. त्यांनी डबीतला हलका शंख काढून हिरूबाईंसमोर धरला.

"हा तुमच्याकडे कुठून आला?"

"कमलेशच्या जाल्यात. माझा दीर. शिमग्यानंतर दर्याच्या गालात जाला ओढला तवा आला."

"वाळूत पडलेला? रिकामा?"

"रिकामा नाय वाटत. वास मारत व्हता मेला. चार दिस वाळूत पुरला, मग धुतला."

"वास?" उत्कर्षा उभी राहिली. "आत काय होतं मावशी? मांस होतं?"

"कोन बगतं, बाय? नाकाला पदर लावला नि पुरला."

६

चार वाजता पुण्याचे पाहुणे आले. त्यांच्यासमोर टेबलावर दोन शंख शेजारी शेजारी होते. एक जड, करळाच्या रंगाचा, पाठीत भोक असलेला. एक हलका, आतून चकाकणारा. पाहुण्यांनी आधी वजन घेतलं, मग बरगड्या, मणी, दात, घड्या, नाळ, एकेक लक्षण दोन्हीकडे ताडून पाहिलं. डॉ. कृष्णकांत वर्तक भिंग घेऊन इतके वाकले होते की पाहुण्यांना दोनदा त्यांना बाजूला व्हायला सांगावं लागलं.

"सर," उत्कर्षा गोडपणे म्हणाली, "तुम्ही पाहुण्यांना काहीतरी सांगणार होतात."

कृष्णकांत सरळ झाले. त्यांनी भिंग पुसलं. "हो. सांगायचं होतं की सकाळी माझ्याकडून आगाऊपणा झाला. जीवाश्म अस्सल आहे." मग न राहवून म्हणाले, "पण दुसराही अस्सल आहे हो! तोच माझा मुद्दा होता!"

पाहुण्यांनी मूळ नमुना रीतसर ताब्यात घेतला. रामकिसननी आणलेला चहा संपवला आणि लेखाच्या पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"इथे तुम्ही लिहिलंय, नामशेष जात. हा शब्द ठेवायचा की काढायचा?"

उत्कर्षाने हलका शंख पुन्हा हातात घेतला. हलका शंख गाळातून आला होता. समुद्रतळाचा करळ फुटून एखादा शंख सुटा होऊ शकतो, चांगला धुतला जाऊ शकतो. पण करळातून सुटलेला शंख वास मारत नाही. आणि वास मारला म्हणून आत त्याच गोगलगाईचा जीव होता असंही नाही. रिकाम्या शंखात खेकडा बिऱ्हाड करतो आणि तोही मरतो.

कमलेश मेहेर यांची बोट पहाटेच सुटली होती. मासेमारीची बंदी लागायला थोडे दिवस उरले होते, शेवटच्या फेऱ्या चालल्या होत्या. दीपिकाने दुपारीच घरून फोनवर निरोप पोचवला होता: त्याच जागेवर जाळं टाका, शंख आले तर फेकू नका.

पावणेसहाला दीपिकाचा फोन वाजला. तिने स्पीकर लावला. वाऱ्याचा घोंगाट, इंजिनाची धडधड आणि त्यातून कमलेशचा आवाज.

"ए दीपे, तुजा शंख हाय काय तो! बरगड्या हायत, मनी हायत. एकच आलाय."

उत्कर्षाने फोन जवळजवळ हिसकावला. "काका, रिकामा आहे का?"

"नाय ओ मॅडम! आत कायतरी हाय. जितं हाय. बोट लावलं का आत जातं."

खोलीतली सगळी माणसं फोनभोवती गोळा झाली. कृष्णकांतांचा हात पाहुण्यांच्या खांद्यावर होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"काका, नीट बघा. पाय दिसतात का त्याला? खेकड्यासारखे पाय?"

"पाय? थांबा, बगतो. आत गेलाय आता. भायेर येऊ द्या..."

"बादलीत ठेवा! समुद्राच्या पाण्यात ठेवा!" विश्रामराव ओरडले. शंखातलं त्यांना खरंच बरंच कळायला लागलं होतं.

"ठेवलाय ओ. येतोय, येतोय भायेर... अरे जिव्या, दिवा धर इकडं, हां, आता दिसतंय, मॅडम, याला—"

फोन तुटला. पुन्हा लावला तर संपर्कक्षेत्राबाहेर.

सात वाजता ही मंडळी चिंचणीच्या बंदरावर उभी होती. पाहुण्यांनी पुण्याची परतीची गाडी सोडली होती. लेखातल्या 'नामशेष' या शब्दाखाली उत्कर्षाने पेन्सिलीने रेघ मारून ठेवली आहे: बोटीवरच्या शंखात खेकडा निघाला तर शब्द तूर्त राहील, गोगलगाय निघाली तर जाईल. बोट भरतीबरोबर येईल, असं बंदरावरचे लोक सांगतात. भरती सुरू झाली आहे. बोट अजून दिसलेली नाही.